आत्मप्रीतीचे माप

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज वैष्णवांचा मेळा भरला आहे आणि ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही, त्यांनी आपल्या घरच्या देव्हाऱ्यातच पंढरी मानून उपवास धरला आहे. आजपासून चातुर्मास लागतो. घरोघरी कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतील, कोणी एकभुक्त राहतील, कोणी पोथीचा नेम धरतील. काही तरी सोडावे, देहाचे लाड कमी करावेत आणि ‘मी’ला थोडे आवरावे, असा या चार महिन्यांचा भाव आहे. अशा त्यागाच्या दिवशी आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडणार आहोत, तो प्रथमदर्शनी अगदी विपरीत वाटेल. तो विषय आहे स्वतःवरील प्रेमाचा. आणि त्याचा विचार आम्ही आरंभी ख्रिस्ती धर्माच्या अंगाने करणार आहोत.

असे करण्यास कारण घडले ते बिबवेवाडीत. स्वारगेटच्या दक्षिणेस, मार्केट यार्डाच्या शेजारी वसलेले हे एके काळचे खेडे आज पुणे शहरात पार मिसळून गेले आहे. देशावरचे, मराठवाड्यातले, गुजराती, मारवाडी, ख्रिस्ती अशी नाना तऱ्हेची कुटुंबे तेथे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. गेल्या चातुर्मासात तेथील एका मंदिरात आमची कीर्तने झाली. पूर्वरंगात आम्ही मीपणाचे निरूपण केले होते. कीर्तन संपल्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी नमस्कारास आली आणि तिने विचारले, ‘‘महाराज, तुम्ही म्हणता ‘मी’ सोडा. मोबाईलवर जो तो सांगतो, आधी स्वतःवर प्रेम करा. माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, तिच्या धर्मात दोन्ही सांगितले आहे. मग खरे काय मानायचे?’’ प्रश्न लहान होता, पण त्याचे उत्तर जिन्यावर उभ्याने देण्याजोगे नव्हते. ते सविस्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

परधर्माच्या ग्रंथाचे नाव निघताच काही सत्प्रवृत्त घरांतही कपाळास आठी पडते, हे आम्ही जाणतो. परंतु मराठी भाषेला हा विचार परका नाही. १५७९ साली गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी आमच्या ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे सांगत. ज्यांनी आमच्या संतांचे बोट धरून आपला मार्ग काढला, त्यांचे म्हणणे आम्ही ऐकून घेण्याने आमचा धर्म उणा होत नाही. शेजाऱ्याच्या दिव्याने आपले अंगण उजळले तर आपल्या समईतील तेल काही कमी होत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, की सर्व आज्ञांमध्ये पहिली आज्ञा कोणती? येशू दोन आज्ञा सांगतो. पहिली, देवावर सर्वस्वाने प्रेम करण्याची. दुसरी, जेवढे प्रेम आपण स्वतःवर करतो तेवढेच शेजाऱ्यावर करण्याची. ही दुसरी आज्ञा त्याहून फार जुनी असून यहुदी धर्मशास्त्रातील लेवीय या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात ती आलेली आहे. या आज्ञेची ठेवण मोठी मार्मिक आहे. स्वतःवर प्रेम करा, अशी वेगळी आज्ञा येथे नाही. ते प्रेम गृहीत धरले आहे आणि तेच शेजाऱ्यावरील प्रेमाचे माप म्हणून पुढे ठेवले आहे.

बिबवेवाडीच्या श्रोत्यांना आम्ही मार्केट यार्डाचाच दृष्टान्त देऊ. आडत्याच्या गाळ्यावर शेकडो पोती उतरतात आणि तराजूवर चढतात. शेतकऱ्याचे वर्षभराचे नशीब त्या काट्यावर ठरते. काट्यातच खोट असेल तर माल कितीही उत्तम असला, तरी सारा हिशेब खोटा होतो. तसेच येथे आहे. जो स्वतःचा द्वेष करतो, तो त्याच मापाने शेजाऱ्याला काय मोजून देणार? आणि जो स्वतःचे केवळ चोचले पुरवितो, तो शेजाऱ्याला देऊन देऊन काय देईल? म्हणून शेजारधर्माआधी माप तपासावे लागते. स्वतःवरील खरे प्रेम कोणते, हा प्रश्न म्हणूनच स्वार्थी माणसाचा नसून धर्मनिष्ठ माणसाचा आहे.

येथे चतुर वाचक म्हणेल, त्याच ग्रंथात येशू आपल्या अनुयायांना स्वतःचा नकार करून, क्रूस उचलून मागे येण्यास सांगतो, त्याची वाट काय? शिवाय पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, शेवटच्या काळात माणसे स्वतःवरच प्रेम करणारी होतील, हे तर दोषांच्या यादीत घातले आहे. आक्षेप योग्य आहे, आणि ख्रिस्ती आचार्यांनी तो चुकविलेला नाही. संत ऑगस्टीन (३५४-४३०) यांनी ‘ईश्वराची नगरी’ या आपल्या महाग्रंथात मानवजातीच्या दोन नगरी कल्पिल्या. देवाला तुच्छ मानण्यापर्यंत वाढलेल्या आत्मप्रेमाने एक नगरी उभी राहिली. स्वतःला विसरण्यापर्यंत वाढलेल्या ईश्वरप्रेमाने दुसरी. पण तेच ऑगस्टीन अन्यत्र म्हणतात, की जो देवावर प्रेम करतो तोच स्वतःवर खरे प्रेम करण्यास शिकतो. निषेध झाला तो सिंहासन बळकावून बसलेल्या ‘मी’चा. देवाच्या पायाशी बसलेल्या ‘मी’चा निषेध त्यांनी केलेला नाही.

पुढे १२व्या शतकात क्लेअरव्हो येथील मठाधिपती संत बर्नार्ड यांनी ईश्वरप्रेमावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात प्रेमाच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर माणूस स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. दुसरीवर तो देवावर प्रेम करतो, पण तेही स्वतःच्या गरजेसाठी. तिसरीवर तो देवावर देवासाठी प्रेम करतो. आम्हां भाविकांना वाटेल, झाले, येथे शिखर आले. पण बर्नार्ड चौथी पायरी सांगतात, आणि ती आहे देवासाठी स्वतःवर प्रेम करण्याची! या देहात ती क्वचितच साधते, असेही ते मानतात. ज्या ‘मी’पासून प्रवासास आरंभ झाला, तोच ‘मी’ अखेरीस परत भेटतो. परंतु आता तो आपल्या मालकीचा राहिलेला नसतो. देवाने सोपविलेली ठेव म्हणून त्याला सांभाळायचे असते. चोराने लपविलेले सोने आणि विश्वस्ताने राखलेले सोने धातूने एकच, पण दोघांची रात्रीची झोप सारखी नसते.

१३व्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास यांनी तर हा विषय शास्त्रार्थाच्या पद्धतीने, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष मांडून सोडविला. माणसाने दिव्य प्रेमाने स्वतःवरही प्रेम करावे, कारण देवाचे जे जे आहे त्यावर प्रेम करायचे, आणि आपणही देवाचेच आहोत, असा त्यांचा निर्णय आहे. त्यांनी आणखी एक प्रश्न घेतला आहे, तो म्हणजे दुर्जन स्वतःवर प्रेम करतो काय? त्यांचे उत्तर, करतो असे त्याला वाटते, पण करीत नाही. कारण आपण खरे कोण आहोत, हेच त्याला ठाऊक नसते. तो विकारांनाच ‘मी’ समजतो आणि त्यांना पोसताना आतल्या माणसाला उपाशी मारतो.

हे वाचताना संस्कृताच्या कोणाही अभ्यासकाच्या मनात गीतेचा सहावा अध्याय जागा होतो. आपणच आपला मित्र आहोत आणि आपणच आपला शत्रू, आपला उद्धार आपणच करावा, आपल्याला खचू देऊ नये, हे भगवंतांनी अर्जुनास तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे, जो आपल्या उपमेने सर्वांचे सुखदुःख जाणतो तो श्रेष्ठ योगी होय, असा निर्वाळा आहे. म्हणजे स्वतः हे माप आणि सर्व भूते हे मोजायचे धान्य, हीच मांडणी येथेही आहे. बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेले याज्ञवल्क्य मैत्रेयीस सांगतात, की पती, पत्नी, पुत्र, धन यांपैकी काहीही त्या त्या वस्तूसाठी प्रिय नसते. आत्म्यासाठी सारे प्रिय होते, म्हणून त्या आत्म्याचेच श्रवण-मनन करावे. वरवर पाहणाऱ्यास हा स्वार्थाचा उपदेश वाटेल. पण मैत्रेयीने तर त्याच वेळी संपत्तीचा वाटा नाकारला होता! ज्याला आत्मा कळला, त्याला स्वार्थ उरतच नाही.

तथापि दोन्ही धर्म एकच सांगतात, असे म्हणून मोकळे होणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ख्रिस्ती मताने जीव हा देवाने निर्माण केलेला आहे. तो देवाच्या प्रतिरूपात घडविलेला आहे, पण देव नव्हे. म्हणून त्यांची आत्मप्रीती ही मिळालेल्या दानाबद्दलची कृतज्ञता आहे. अद्वैत वेदान्ताच्या मताने आत्मा आणि ब्रह्म यांत भेदच नाही. म्हणून आमची आत्मप्रीती ही ओळख पटणे आहे. त्यांचा शेजारी दुसरा असतो आणि दुसरा असूनही प्रिय करायचा असतो. आमचा शेजारी परमार्थतः दुसरा नसतोच. हा भेद लहान नाही. जर्मनीतील कील येथील प्राध्यापक व उपनिषदांचे थोर अभ्यासक पॉल डॉयसन यांनी २५ फेब्रुवारी १८९३ रोजी मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे दिलेल्या व्याख्यानात हाच धागा पकडला होता. शेजाऱ्यावर स्वतःइतके प्रेम करा ही नीतीची सर्वोच्च आज्ञा बायबलात आहे. पण दुसऱ्याचे दुःख मला जाणवत नसताना मी ते का करावे, याचे उत्तर वेदात, ‘तत्त्वमसि’ या महावाक्यात आहे, असा त्यांचा आशय होता.

हे ऐकून आमची छाती फुगते. पण फुगलेल्या छातीने पुढचा प्रश्नही ऐकावा. कारण आमच्यापाशी होते, मग आचरण कोठे गेले? सर्वांभूती एकच आत्मा म्हणणाऱ्या समाजाने माणसाची सावली विटाळाची ठरविली. पैठणच्या नाथांनी गोदेच्या तापल्या वाळूत रडणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेतले, ही कथा आम्ही कीर्तनात रंगवून सांगतो. पण ती सांगण्याजोगी झाली, याचा अर्थच असा, की इतर सारे त्या मुलाजवळून निघून गेले होते. उलट पक्षी, आज्ञा ज्यांच्या मुखी होती त्यांनीही तलवारीच्या आणि राज्याच्या बळावर शेजाऱ्याला छळल्याचा इतिहास गोव्यापासून थेट युरोपपर्यंत पसरलेला आहे. तेव्हा तत्त्वाचा गर्व कोणीच करू नये. खरा पुरावा माणसाच्या जगण्यात शोधावा.

तसा पुरावा आमच्या पंढरीच्या वाटेवरच सापडतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरातल्या. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात त्यांचे बालपण गेले होते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काळातील काही दिवस त्यांनी पंढरपुरात काढले. पुढे त्या पतीकडे अहमदनगरास आल्या, पण धर्म बदलून आल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे-ओवळे निराळे सांभाळले आणि टिळकांनीही ते मोडण्याची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतः केला, सोवळे स्वतः सोडले आणि १९०० साली बाप्तिस्माही स्वतःच्या निर्णयाने घेतला. पतीने सांगितले म्हणून नाही, आणि समाजाने भिवविले म्हणून थांबल्याही नाहीत.

त्यांच्या निर्णयाशी वाचकांनी सहमत व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही विठ्ठलाच्या पायीच स्थिर आहोत. पण १९३४ पासून प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली असतील, त्यांना या आत्मप्रीतीची जात ओळखू येईल. हाती आलेला पैसा गरजवंतास देऊन मोकळा होणारा नवरा, दारिद्र्य, ताटातूट आणि आप्तांचे बोल हे सारे त्यात आहे. पण लेखिका स्वतःची कीव करीत नाही आणि स्वतःची आरतीही ओवाळीत नाही. ती स्वतःच्या फजितीवर मनमोकळी हसते. स्वतःवर हसू शकणारा माणूसच स्वतःशी मैत्री करून असतो. १९१९ साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते; ते या बाईंनी पूर्ण केले. आपल्याला काय जमणार, असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर त्याला कोणी नम्रताच म्हटले असते. पण ती नम्रता नव्हे. देणाऱ्याने दिलेल्या ठेवीचा तो अव्हेर ठरला असता.

आता वाचकहो, आपल्या घराकडे पाहू. आज बाजारात जे ‘स्वतःवर प्रेम’ विकले जाते, त्याचा बहुतेक भाग हा बर्नार्डांची पहिलीच पायरी रंगवून मांडलेला आहे. अमुक वस्तू घ्या, तमुक सहल करा, मनाविरुद्ध बोलणाऱ्याला आयुष्यातून दूर करा, असा तो उपदेश असतो. त्या तरुण मुलीने मोबाईलवर ऐकले ते बहुधा हेच. त्याला ख्रिस्ती धर्माचा आधार नाही आणि गीतेचाही नाही. पण धार्मिक घरांत याच्या उलट दोष घडतो, आणि तो भक्तीचे वस्त्र नेसून येत असल्यामुळे ओळखू येत नाही. सर्वांना वाढून उरलेसुरले खाणारी माउली, औषधाची वेळ टाळून निर्जळी उपवास धरणारी सासू, परीक्षेत अपयश आले म्हणून स्वतःला जगण्यास नालायक समजणारा मुलगा. यांच्या आत्मावहेलनेला आपण त्याग, व्रत आणि लाज अशी सुंदर नावे देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट बजावले आहे, की जे अशास्त्रीय घोर तप करून देहाला क्लेश देतात, ते देहात राहणाऱ्या मलाच क्लेश देतात. ईशोपनिषदाने तर आत्म्याचा घात करणाऱ्यांना सूर्यहीन लोकांची गती सांगितली आहे. हे ग्रंथ देव्हाऱ्यात ठेवून घरातील एखाद्या जिवाला ‘तू कशाला कामाचा’ असे म्हणणे म्हणजे पोथीला फुले वाहून तिचे पान फाडणे होय.

याचा उपाय आमच्या वारीत रोज घडतो, पण त्याच्या अर्ध्या भागाकडेच आमचे लक्ष जाते. वारकरी भेटला की दुसऱ्या वारकऱ्याच्या पाया पडतो. वाकण्याचे महत्त्व सर्वांनी गायिले आहे. पण त्याच क्षणी दुसराही त्याच्या पाया पडत असतो आणि त्याला तो नमस्कार स्वीकारावा लागतो! ‘माझ्यात काय आहे’ असे म्हणून पाय मागे घेता येत नाहीत. माझ्यातही विठ्ठल आहे, म्हणून हा नमस्कार त्याचा आहे, असे समजून उभे राहावे लागते. वाकण्याने अहंकार जातो आणि नमस्कार घेण्याने न्यूनगंड जातो. शेजाऱ्याचे आणि स्वतःचे मोल एकाच मापाने करण्याचा हा पाठ पालखीच्या वाटेवर अक्षरशत्रू माणूसही गिरवीत आला आहे.

म्हणून त्या मुलीस आमचे उत्तर असे. बेटा, ‘मी’ सोड हे खरे आणि स्वतःवर प्रेम कर हेही खरे. सोडायचा तो मालक होऊन बसलेला ‘मी’. सांभाळायचा तो देवाचा म्हणून आपल्या हाती आलेला ‘मी’. कोणता कोणता हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. ज्या प्रेमाने शेजारी जवळ येतो ती आत्मप्रीती; ज्याने तो दूर जातो तो मीपणा. तुझ्या मैत्रिणीने तुला खोटे सांगितले नाही. तिच्या घरी नाताळास जा, तिला आपल्या घरी काल्यास बोलाव. आपला देव आपल्या जागी राहतो आणि शेजारधर्मही राहतो.

आणि गृहस्थहो, आपणांस एक छोटा नेम सुचवितो. चातुर्मासात सोडण्याच्या यादीत यंदा स्वतःला व घरच्यांना तुच्छ लेखणे हेही घाला. ज्यांची प्रकृती उपवासाची नाही, त्यांनी वैद्याचे ऐकून दोन घास खावेत. नामस्मरणास त्याने बाध येत नाही. उद्या द्वादशीचे पारणे आहे. नैवेद्य दाखवून झाला की पहिले ताट जिने पहाटे उठून स्वयंपाक केला, तिच्यासाठी मांडा. ती नको म्हणेल. तिला हात धरून बसवा आणि बाकीच्यांनी वाढा.